घोरपडीचा पत्ता

गार्डमामा सापावर कधी चिडले नाहीत. बाकी कोणाला त्यांनी सोडलं नाही. लोखंडाचा दगड आणणाऱ्या मालगाडीवर ते गार्ड होते. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि मी नागपूरकडून नवी सून म्हणून त्यांच्या शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले होते. पहिल्याच आठवड्यात अंगणात सरडा दिसला म्हणून मी खराटा उचलला, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "ठेव तो खराटा, सूनबाई. त्यानं तुयं काय खाल्लं?" मग तेच मामा कॅमेरा घेऊन आले आणि त्या सरड्याशी इतक्या हळू बोलले, की तसा आवाज मामींच्या वाट्यालाही कधी आला नसेल.

त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. भर दुपारी लोक दारं लावून, वाळ्याच्या ताट्या भिजवून पडायचे, तेव्हा मामा डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून निघत. लू लागू नये म्हणून खिशात कांदा. कॅमेराही ओल्या फडक्यात, कारण फिल्म तापली की संपलं. तळ्याच्या काठी पोटावर पडून ते चतुर किड्यांचे फोटो काढत. ऊन फार झालं की चतुर शेपूट सरळ सूर्याकडे उभं धरतो, म्हणजे अंगावर ऊन कमी पडतं. हे त्यांनी मला फोटोत दाखवलं आणि लगेच चिडले. "याले समजते. आन् आमचे साहेब बारा वाजता उन्हात उभे करून लेक्चर देऊन राहिले."

आमच्या रांजणाखालची वाळू ओली असे, तिथे बेडूक गारव्याला येऊन बसत. मामा न विचारता आत यायचे, रांजणापुढे आडवे व्हायचे आणि सासूबाईंना पाणी घेऊ द्यायचे नाहीत. "थांबा ना वहिनी, तो काही तुमचं पानी पिऊन नाही राहिला." सासूबाई दातओठ खात. पण दुर्गच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले की सगळ्यांत आधी पाहायला त्याच पुढे.

प्रत्येक फोटोखालच्या काळ्या पट्टीवर मामा पांढऱ्या शाईने जागा लिहीत. कोणता पूल, कोणत्या खांबापासून किती पावलं, कोणत्या बाजूला. रेल्वेत गाय आडवी आली तरी गार्डाला कुठे ते लिहावं लागतं, तीच सवय. मी म्हटलं, मामा, नुसता सरडा म्हणून लिहा ना. तर म्हणाले, "जागेबिगर गोष्ट खरी कशी मानाव?"

त्या उन्हाळ्यात त्यांनी ध्यास घेतला तो घोरपडीचा. तळ्याच्या बांधात तिचं बीळ होतं. पलीकडे डंपर माती ओतत होते, तळं रोज थोडं बुजत होतं, आणि मामा ड्रायव्हरांना शिव्या देत बांधावर पडून राहत. ती डोकं काढायची, मामांना पाहायची, आत जायची. शेवटी एका दुपारी ती पूर्ण बाहेर आली आणि उन्हात पसरली. फोटो आला तेव्हा तिच्या मानेवरचे खवले मोजता येत होते. मामा दोन दिवस कोणावरही ओरडले नाहीत. मामी घाबरल्या, ताप आला की काय म्हणून.

गणपतीत आमच्या मराठी मंडळाने त्यांचे फोटो मांडवात लावले. घोरपड मधोमध. लोकांची गर्दी झाली, मंडळाचे सेक्रेटरी तर चष्मा पुसून पुसून वाचत होते.

विसर्जनाला मिरवणूक त्याच तळ्यावर गेली. बांध कुदळीने फोडलेला होता. बिळाच्या जागी हातभर खड्डा, बाजूला रक्ताळलेली माती. सेक्रेटरी गुलालाचं तोंड घेऊन हसत पुढे आले. "मामा, वडलांच्या गुडघ्याले तिचं तेल पायजे होतं. मानूस धाडला. तुमी जागा अशी बरोबर लिहिली होती का शोधाच नाही लागलं त्याले."

मी नवी सून, पण मला राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हटलं, लाज नाही वाटत का तुम्हाला, गणपतीसमोर हे सांगायला? सासूबाईंनी दंड धरून मला मागे ओढलं. सेक्रेटरी अजून हसतच होते. मी वाट पाहत होते, आता मामा याला उभा आडवा सोलतील. उभ्या जगावर ओरडणारा माणूस तो. मामा खड्ड्याकडे पाहत म्हणाले, "त्याले काहून बोलतं, सूनबाई? पत्ता तं म्याच देला."

घरी येऊन त्यांनी दाढीच्या पत्तीने प्रत्येक फोटोची खालची पट्टी कापून चुलीत घातली. त्यानंतर मामांचा आवाज भिंतीपलीकडून आला नाही. सरड्यामागे कोणी खराटा घेऊन धावलं तरी नाही. सेक्रेटरींना मी त्याबद्दल कधी माफ केलं नाही. पुढे त्यांच्या वडलांचे गुडघे होते तसेच राहिले, आणि ते ऐकून मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मामांची बदली झाली तेव्हा घोरपडीचा फोटो त्यांनी माझ्या हातात दिला.

तळं केव्हाच बुजलं. वर क्वार्टर झाले, त्यांचाही रंग उडाला. फोटो माझ्या बैठकीत आहे. येणारे जाणारे विचारतात, केवढी घोरपड, कुठली हो ही? कोणता पूल, कोणता खांब, किती पावलं, मला सगळं पाठ आहे. आता तिथे मारण्यासारखं काही उरलेलंही नाही.

तरी मी सांगत नाही.