तेलुगू पहिलीच्या बाई

आमच्या सरकारी शाळेत माझ्या मराठी पहिलीला खेटून त्यांची तेलुगू पहिली भरते. लवंग चघळत त्या आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठीत भांडतात, पण पोरांवर तेलुगूतच ओरडतात. दर जूनला तेलुगू विणकरांच्या घरोघरी फिरून मुलं गोळा करतात. यंदा ती सगळी त्यांनी माझ्या दारात आणून उभी केली.

"बाई, ह्यांना तुमच्यात घ्या."

मी हबकलेच. जूनमध्ये आम्ही एकमेकींची मुलं पळवतो, देत नाही.

"अहो, तुमचा वर्ग बंद पडेल!"

"पडू दे की. पुढं कॉलेजात तेलुगू कुटं हाय?"

मुलं त्यांच्या पदराला चिकटली. एकेकाची बोटं सोडवत त्या पोरांशी कधी नव्हे ते मराठीत बोलल्या, "आत जावा."