उणे दोन गुणिले उणे तीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, पण सांगतानाही तोंड कडू होतंय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं असतील. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका शाळेत मी सातवीला गणित शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय — फळ्यावर नियम लिहायचा, मुलींकडून घोकून घ्यायचा. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. का? ते मलाच ठाऊक नव्हतं. शाळेत कळलं नाही, ट्रेनिंगला कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. वर्गात कुणी विचारलंच, तर डोळे वटारले की भागायचं.

नरसम्मा माझ्याच वर्गातली. वडील मागावर कामाला, घरात तेलुगू. सहामाहीत मी प्रश्न घातला होता — उणे दोन गुणिले उणे तीन किती, कारण लिहा. बाकी सगळ्यांनी लिहिलं, 'असा नियम आहे.' हिनं अर्धं पान भरलं होतं. उणे दोनला तीननं गुणलं, उणे सहा. दोननं, उणे चार. एकनं, उणे दोन. शून्यानं, शून्य. दर पायरीला उत्तर दोननं वाढतंय. मग तसंच खाली उतरत गेलं — उणे एकनं गुणलं तर दोन, उणे दोननं चार, उणे तीननं सहा.

मी ते तीनदा वाचलं. आणि मला कळलं — वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बारा वर्षांच्या पोरीच्या पेपरातून. आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला.

दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. "कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचं नाही बाई. मीच केलंय की."

मी तिच्या थोबाडीत मारली. शून्य दिलं. वर वडिलांना बोलावून घेतलं. ते कामावरनं तसेच आले, सदऱ्यावर सुताचे तंतू. पोरीनं कॉपी केली, असं मी सांगितलं. त्यांनी पेपर बघायला मागितलासुद्धा नाही. हात जोडले. "चुकली पोरगी. माफ करा बाई." आणि ती — ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी खोटं बोलतेय हे तिला कळत होतं.

सोमवारी ती आली नाही. आईबरोबर विड्या वळायला बसली, असं मुलींनी सांगितलं. घर शाळेपासून चार बोळ पलीकडे. मी गेले का? नाही. एकदा ती समोरून येताना दिसली, तर मी शेजारच्या दुकानात शिरले आणि नको असलेली बटणं घेतली.

पुढल्या वर्षी साहेब तपासणीला आले. मी फळ्यावर तीच पायऱ्यांची रांग मांडली, शून्याच्या खाली उतरले. साहेब खूश. "ही पद्धत तुमची का, बाई?"

"हो," म्हणाले मी. अडखळलेसुद्धा नाही.

निवृत्त होईपर्यंत तसंच शिकवलं, प्रत्येक वर्गाला, माझं म्हणून. तिचं नाव एकदाही घेतलं नाही. गणित समजावं तर याच बाईंकडून, असं लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. अजून कुणी म्हटलं तर आवडतं — शी!