नदीकाठच्या थिएटरात बाबा

गणपतीपर्यंत राहतो असं कबूल करून आलेले माझे सासरे मार्चमध्येच म्हणाले, "सूनबाई, माझं तिकीट अलीकडचं करून दे म्हणावं त्याला. पुढच्या महिन्यात मी नागपूरला जातो." भांडण नाही, तंटा नाही. मी वरणाला फोडणी देत होते, ती करपली.

कारण विचारलं तर म्हणाले, "इथं मी करून काय राहिलो, तूच सांग ना." कॅनडातल्या मिल्टनमधली आमची वस्ती नवीकोरी, घरं सगळी सारखी, रस्त्यावर माणूस औषधाला नाही आणि गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना हट्टानं इथं आणलं आणि आणून बसवलं कुठं, तर खिडकीत. नवरा इथल्याच केंब्रिज गावच्या कारखान्यात, मी लॅपटॉपपुढे, लेक शाळेत. बाबा रोज दारापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचे, तर आता तोही वितळायला लागला होता. मला मात्र ते जायला नको होते. त्यात माझा स्वार्थही होता, कारण दिवसभरात माझ्याशी धड मराठी बोलणारं घरात तेवढंच एक माणूस होतं. शिवाय मला ते आवडायचे. सुनेनं सासऱ्याबद्दल असं बोलायची आपल्यात पद्धत नाही, पण आवडायचे.

बाबा बँकेत होते आणि बँकेच्या नाट्यमंडळात कायमचे प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून, नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा. स्टेजवर त्यांनी कधी पाऊल टाकलं ते फक्त नारळ फोडायला. सासूबाई म्हणायच्या, "यांनी सगळी नाटकं केली, पण यांना पाहिलं कोणी नाही." म्हणून केंब्रिजच्या पुढं नदीकाठच्या एका छोट्या गावात जुनं थिएटर आहे आणि शनिवारी ते हिंडून दाखवतात असं कळल्यावर मी सगळ्यांना गाडीत घातलं. एप्रिलचं तिकीट निघालं होतंच; जाणाऱ्या माणसाला निदान एक थिएटर तरी दाखवावं, एवढाच विचार होता.

थिएटर बाहेरून पाहिलं आणि माझा विरस झाला. टाउन हॉलसारखी दगडी इमारत, समोर चिखल. दाखवायला आलेल्या बाई सत्तरीच्या, लाल स्वेटरमधल्या, बडबड्या. त्या म्हणाल्या, खाली पूर्वी लोणी-अंड्यांचा बाजार भरायचा, वर नाटक. हे गाव इंग्लंडमधल्या एका गावातून आलेल्या लोकांनी वसवलं. तिकडच्या गावात एक थिएटर होतं, आणि त्याच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा म्हणून त्यांनी आठवून आठवून तसंच इथं बांधलं. तशीच घोड्याच्या नालेसारखी बाल्कनी, तसेच खांब. बऱ्याच जणांची स्वतःची घरं तेव्हा लाकडी खोपटी होती.

बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हणजे हे यांचं महाराष्ट्र मंडळच झालं ना!"

मला हसू आवरेना. बाईंनी का हसता विचारलं, तर नवऱ्यानं त्यांना मंडळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. घर सोडून आलेली माणसं आधी नाटक बसवतात आणि मग त्यावरून भांडतात, असं. बाई म्हणाल्या, आमच्याकडेही अगदी असंच आहे, दुसऱ्या भागासकट.

पुढं तिथं मूकपट आले, मग स्केटिंग, मग नुसती अडगळ. एकदा तर पार्किंगसाठी इमारत पाडायचं ठरलंच होतं. तेव्हा गावातल्या बायकांनी पाय विकून विकून ती वाचवली. हा पाय म्हणजे सफरचंदाचा, हे मी बाबांना सांगितलं. जुना पडदाही दाखवला. मधोमध रंगवलेलं तळं, आणि भोवती गावातल्या खाटकाची, न्हाव्याची, टोप्या विकणाऱ्याची जाहिरात. बाबा खूश झाले. "आणि मध्यंतराला काय देतात? बटाटेवडा?" बटर टार्ट, बाई म्हणाल्या. बाबांनी मान हलवली, पण ती सहानुभूतीनं.

मग बाईंनी सांगितलं, "आता स्टेजवर चला," आणि त्या दिवे लावायला आत गेल्या. बाबा सगळ्यात पुढं. विंगेशी येऊन ते थांबले, वाकले, बूट काढले, नीट जोडीनं ठेवले, स्टेजला हात लावून कपाळाला लावला आणि मोज्यांवर आत गेले. त्यांच्यामागं आमच्यासारखंच थिएटर बघायला आलेलं, सारखी जॅकेटं घातलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं बूट काढले. कॅनडातला माणूस कुणाच्याही घरात शिरताना बूट काढतो, त्यामुळं त्याला हे सांगावं लागत नाही. त्यांच्यामागच्या धिप्पाड गृहस्थांनी भलेथोरले चिखलाचे बूट काढले, आणि त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सर्वांना दिसला. मग रांगच लागली. आमची लेक मोठ्यानं म्हणाली, "मॉम, इज धिस अ टेंपल?"

बाई दिवे लावून आल्या, तर स्टेजवर सगळी मंडळी मोज्यांवर, गंभीर चेहऱ्यानं उभी. काय झालं असं त्यांनी विचारल्यावर सगळ्यांनी बाबांकडं बोट दाखवलं. बाबा ओशाळले. "स्टेज, मॅडम. वुई डोंट गो विथ शूज. ॲक्टर्स फॉल ॲट हर फीट, सो." बाईंनी क्षणभर ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, इथला नियम बरोबर उलटा आहे, जुन्या फळ्यांचे खिळे वर आलेले असतात, म्हणून बूट काढायचेच नाहीत. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी स्वतःचेही बूट काढले.

त्यानंतर त्यांनी डाव्या विंगेतला कोपरा दाखवला. एक उंच स्टूल, झाकलेला छोटा दिवा, पुस्तक ठेवायचा स्टँड. प्रॉम्प्टरची जागा, थिएटर बांधलं तेव्हापासूनची, त्यांनी सांगितलं. बाबांनी स्टुलाला हात लावला, मग स्टँडला. उभी हयात ते खिळ्याला टांगलेल्या बल्बखाली, कुणाच्या तरी मुकुटाला धक्का न लावता उभे राहिले होते. "बसायची जागा दिली हो यांनी," ते मला म्हणाले.

इथं माइक लागत नाही हे दाखवायला बाई स्टेजच्या मधोमध गेल्या आणि आम्हाला खाली खुर्च्यांत पिटाळलं. गावातली हौशी मंडळी एक विनोदी नाटक बसवत होती, त्यात त्या घरमालकीण होत्या. त्यांनी दुसऱ्या अंकातलं भाषण झोकात सुरू केलं, आवाज खरंच बाल्कनीपर्यंत पोचला, आणि तिसऱ्या वाक्याला गाडी अडली. मी पहिल्या रांगेत होते. बाबा खाली आलेच नव्हते. ते कोपऱ्यातच चष्मा लावून स्टँडवर ठेवलेल्या त्याच नाटकाच्या संहितेत डोकं घालून होते. त्यांचे ओठ हललेले मला दिसले, शब्द मात्र ऐकू आला नाही. बाईंना आला. मान न वळवता त्यांनी वाक्य पुरं केलं, आणि त्यातल्या बाथटबमधल्या बदकाच्या विनोदावर आम्ही सगळे खो खो हसलो.

भाषण संपताच बाई थेट कोपऱ्यात गेल्या, मीही मागोमाग. त्यांचा प्रॉम्प्टर मुलाकडं व्हँकुव्हरला गेला होता आणि त्याच्या जागी कुणी यायला तयार नव्हतं, जो तो तोंडाला रंग लावायला बघतो. "आमच्याकडंही तेच," बाबा म्हणाले. तालीम मंगळवारी असते, याल का, बाईंनी सरळच विचारलं.

"आय ॲम गोइंग बॅक, मॅडम. नेक्स्ट मंथ," बाबा म्हणाले. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला. बाबांना त्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधायला फार वेळ लागला.

गाडीत बसून परत निघालो. मला इतका राग आला होता की मी खिडकीबाहेर बघत बसले. माणसाला हवं ते समोर ठेवलं तरी हा माणूस निघालाच आहे, असं मनात येत होतं. केंब्रिज मागं पडल्यावर बाबांनी विचारलं, "त्यांचं नाटक केव्हा आहे म्हणाल्या त्या?"

"जूनअखेर," मी म्हटलं.

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, खाकरला आणि अगदी जपून म्हणाला, "बाबा, मग तिकीट पुढं ढकलू का?"

"तिकिटाचं तुला काय करायचं ते कर," बाबा वैतागून म्हणाले. "मंगळवारी मला तालमीला कोण सोडून देते, ते सांग आधी."