तांदळाच्या डब्यातली हार्डडिस्क

ती केस आठवली की आजही मला आधी तांदळाचा डबा दिसतो आणि मग हसू येतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आता घरी नातेवाईक जमले की फर्माईश होते ती याच केसची. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि गालातल्या गालात हसतील.

तेव्हा परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. लग्नसराईत आमच्या ठाण्याला उसंत नसते. डीजेच्या तक्रारी, वरातीतली मारामारी, रुसलेले जावई, सगळं आमच्याच दारात. त्या दिवशी सकाळची हजेरी घेऊन चहाचा पहिला घोट घेतला, तोच एक बाई दारापासूनच ओरडत आत आल्या. ताडकळसला नुकत्याच झालेल्या एका लग्नातल्या नवरीच्या या आत्या. यांचं स्वतःचं सासर पिंगळीचं, घरचं किराणा दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की ठाणे अंमलदारानं डायरी लिहिता लिहिता पेन खाली ठेवला.

"साहेब, पुतळ्यांची माळ गेली! माझ्या आईच्या हातची निशाणी हाय ती, पोरीला लग्नापुरती घालाया दिली व्हती. त्या पार्लरवालीनंच उचलली. तिला आत्ताच्या आत्ता आत टाका!"

मी म्हणालो, "आत्याबाई, आधी बसा. पाणी प्या. आत टाकायला ती काय गव्हाचं पोतं आहे?"

त्या बसल्या, पण थांबल्या नाहीत. लग्नात नवरीला नटवताना पार्लरवालीनं गळ्यातली माळ काढली, ती परत दिसलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, मग इतके दिवस काय करत होता? त्यावर त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पोरीच्या सासरच्यांना कळलं असतं ना साहेब! मांडवपरतणीला पोरगी माहेरी येऊन जाईस्तोवर तोंड दाबून बसलो. तुमी बी पाव्हण्यांना काही इचारू नका. पोरगी नवी हाय, तिला टोमणे बसतील."

पोलिसांना सगळ्यात नडते ती ही अट. लग्नात निम्मी माणसं मुलाकडची, आणि त्यांनाच विचारायचं नाही! मी डोक्याला हात लावला. पण मुलीकडच्यांची भीती खोटी नसते, हेही माहीत होतं. गुन्हा दाखल करून घेतला आणि पार्लरवाल्या बाईंना नोटीस देऊन बोलावलं.

त्या आल्या त्या पदर घट्ट धरून. ताडकळसच्या बाजारपेठेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर. मुलगी परभणीला नर्सिंग शिकत होती, ती याच कमाईवर. जबाब देताना त्या रडल्या नाहीत. उलट चिडलेल्या होत्या, आणि मला ते बरं वाटलं. चोर चिडतो तेव्हा पोलिसांवर चिडतो; या बाई स्वतःच्या नशिबावर चिडल्या होत्या.

"साहेब, फुलाच्या हारात माळ गुतायली व्हती, मनून मी काढली. शेजारी एक म्हातारी बसल्या व्हत्या, त्यांच्या हातात दिली. म्हनलं, आजी, जपून ठिवा."

"कोण म्हातारी?"

"हिरवं लुगडं, कपाळाला विभूती."

मी आणि जमादारांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या लग्नात हिरव्या लुगड्यातल्या, विभूती लावलेल्या म्हाताऱ्या म्हणजे नुसती जत्रा! दोन्हीकडची मंडळी एकाच पंथातली. बाईंनाही ते कळत होतं. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय, कुनी इश्वास ठिवनार न्हाई. पन नवरीच्या खोलीत गळ्यातलं-कानातलं समदं माझ्या हातात असतंय साहेब. एकदा नाव गेलं की मला कोन बोलावनार? आत्याबाईनं भर बाजारात मला चोर म्हनलं, आन दोन लग्नाच्या ऑर्डरी कालच रद्द झाल्या. शेजारीन बी दारात यायना."

खरं सांगतो, माळेपेक्षा मला त्या बाईंचं गेलेलं नाव शोधायची घाई झाली. माळ गेली तर परत घडवता येते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोरच्या टपरीवाल्यानं चहा ठेवता ठेवता माझ्या कानाशी तोंड आणलं. हा माझा हक्काचा खबऱ्या. बातमी देताना असा चेहरा करायचा, जणू दिल्लीचं तख्त उलटणार आहे. "साहेब, त्या लग्नाचा फोटोवाला लय दिवसांपासून दुकान उघडंना. शूटिंगची हार्डडिस्क त्यानं घरात दडवलीय. आन पार्लरवालीच्या बरुबरच ऑर्डरी असतेत त्याच्या. बगा बुवा!"

आता धागा जुळल्यासारखा वाटला. नवरीच्या खोलीत फोटोवाल्यानं एक कॅमेरा स्टँडवर चालू ठेवला होता, हे आत्याबाईंच्या जबाबात होतंच. शूटिंग लपवली म्हणजे त्यात काहीतरी आहे. पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी झडतीला गेलो. कपाट पाहिलं, माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं. फोटोवाला कोपऱ्यात उभा राहून घाम पुसत होता. शेवटी जमादारांनी स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली हार्डडिस्क वर काढली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की पदकच मिळालं!

"काय रे," मी आवाज चढवला, "पुरावा तांदळात पुरतोस?"

तो काही बोलायच्या आत त्याची आई चुलीपासून उठून आली. "त्याला कामून बोलायलात साहेब? म्याच ठिवली ती. मागं ह्याचा मोबाईल हौदात पडला व्हता, तवा तांदळात ठिवला आन चांगला बरा झाला. ही पेटी बी आजारी पडली मनला, मनून ठिवली. अजून उतार न्हाई पडला."

पंच हसले. जमादार हसले. मी हसू दाबायला मिशीवरून हात फिरवला, पण जमलं नाही.

फोटोवाल्याला ठाण्यात बसवून चहा पाजला तेव्हा सगळं बाहेर आलं. मुहूर्त एकाला एक लागून होते. लग्न उरकून तो दुकानात आला, कॅमेऱ्याची कार्डं या डिस्कमध्ये उतरवली आणि लगेच पुसून टाकली, कारण सकाळी दुसऱ्या लग्नाला तीच कार्डं लागणार होती. दुकानातला इन्व्हर्टर मेव्हण्याच्या मांडवात गेलेला. संगणकावर काम चालू असताना लाईट गेली. आली तेव्हा डिस्कचा तो भाग उघडेना. पडद्यावर एकच सूचना: वापरायची असेल तर फॉरमॅट करा. म्हणजे सगळं पुसून कोरी करा.

"केलंस का फॉरमॅट?" मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"न्हाई साहेब. करनारच व्हतो, तेवढ्यात आईनं हातातून हिसकावून घेतली. मंग दुकान बंद करून बसलो. लग्नाची शूटिंग गेली म्हनल्यावर नवरीकडचे मला जित्ता ठिवतेत का?"

डिस्क पंचांसमोर सील केली आणि परभणीच्या सायबर शाखेतून एका महिला हवालदारांना बोलावून घेतलं. बारीक अंगाच्या, बोलायला मोकळ्या. डिस्कवरचं तांदळाचं पीठ फुंकून काढत त्या म्हणाल्या, "सर, हिला तांदळात कुणी ठेवलं? त्यांच्या पाया पडायला हवं."

"तांदळानं बरी होते का?" मी विचारलं.

"तांदळानं काही होत नाही. पण तांदळात होती म्हणून तिला कुणी हात लावला नाही. लाईट गेली की डिस्कवरचा डेटा जात नाही सर. कुठं काय ठेवलंय त्याचा तक्ता बिघडतो. देवगाव फाट्यावरची पाटी वाऱ्यानं पडली, तर तिच्यावरची गावं कुठं जातात का? गावं जागेवरच असतात, आपण चुकतो. खरं नुकसान लोक नंतर करतात. फॉरमॅट करून त्यावर दुसरं लग्न भरलं असतं, तर मी काहीच करू शकले नसते."

त्यांची कामाची पद्धत मला फार आवडली. मूळ डिस्कला त्यांनी थेट हात घातलाच नाही. आधी एका यंत्रातून ती अशी जोडली, की तिच्यातून वाचता येईल, पण तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही. मग तिची हुबेहूब प्रत काढली. मूळ आणि प्रत यांची हॅश व्हॅल्यू जुळवून पंचनाम्यात घेतली. हॅश व्हॅल्यू म्हणजे डिस्कच्या अंगठ्याचा ठसा समजा. मूळ डिस्क पुन्हा सील झाली आणि हरवलेल्या पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या त्या न उघडणाऱ्या भागाचा, शोध त्या प्रतीवर सुरू झाला.

शोध म्हणजे नुसती वाट पाहणं! पडद्यावर एक हिरवी पट्टी गोगलगायीनं लाजावं अशी सरकायची. मी तीनदा विचारलं, "झालं का?" चौथ्यांदा विचारल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही राऊंड मारून या." ठाणे प्रभारीला त्याच्याच ठाण्यातून बाहेर काढलं! मी निमूटपणे राऊंड मारून आलो.

परत आलो तर संगणकाभोवती सगळं ठाणं गोळा झालेलं. फायली सापडत होत्या, पण नावं पुसली गेल्यामुळे एकेक उघडून बघावी लागत होती. आणि निघत काय होतं? कुणाचं बारसं, कुणाची मुंज, कधीकाळी पुसलेली जुनी लग्नं. एका वरातीत तर आमचे जमादारच डोक्याला रुमाल बांधून नागीण नाचताना दिसले. ठाण्यात शिट्ट्या पडल्या. "ते जुनं हाय, पुढं चला, पुढं चला," म्हणत जमादार पार लाल झाले.

पुढची फाईल उघडली आणि हवालदार बाईंनी हात वर केला. नवरीची खोली. हीच नवरी.

दागिना ओळखायला आत्याबाईंना बोलावलेलंच होतं. पार्लरवाल्या बाईही आल्या होत्या; त्या भिंतीला टेकून उभ्या. पडद्यावर फुलांच्या हारात अडकलेली माळ दिसली. बाईंनी ती सोडवली. शेजारच्या हिरव्या लुगड्यातल्या म्हातारीच्या हातात दिली. बाईंचे ओठ हललेलेसुद्धा दिसले. जबाबात सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. म्हातारीनं माळ डोळ्यांना लावली, इकडंतिकडं पाहिलं, जवळच्या आहेराच्या पिशवीतून एक जांभळी साडी काढली, तिच्या घडीत माळ सरकवली आणि साडी परत पिशवीत ठेवली. वरून दोनदा थोपटलं.

"या कोण?" मी विचारलं.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "नवरदेवाची चुलत आजी. कानानं कमी हाय त्यांना." मग त्या पडद्याकडे बघतच राहिल्या. आणि एकदम पदर सावरून उठायला लागल्या.

"काय झालं आत्याबाई?"

"साहेब, मी जरा पिंगळीला जाऊन येते."

"कशाला?"

"ती जांभळी साडी... मांडवपरतणीला इहीणबाईनं मलाच आहेर केली. मला जांभळा रंग आवडत न्हाई. पुढच्या कार्यात कुनालातरी देऊन टाकावी मनून तशीच कपाटात ठिवलीय."

ठाण्यात असा हशा उसळला की टपरीवाला पळत आत आला. आहेराची साडी घडी न मोडता पुढे सरकवायची ही आपल्याकडची रीतच. मुलीकडून आलेली साडी मुलाच्या आईनं न उघडता परत केली, आणि ती न उघडता आणखी पुढे जाणार होती! जमादार आणि पंच आत्याबाईंबरोबर पिंगळीला गेले. घडी मोडली, आणि माळ अलगद खाली पडली.

मग मी फोन करून त्या आजीबाईंनाही विचारलं. जबाब पूर्ण व्हायला नको का? त्या फोनवर ओरडूनच बोलल्या, "ठिवली की म्या, चांगली जपून ठिवली! पन मला कुनी इचारलंच न्हाई!"

या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. बिघडलेल्या गोष्टीत घाईनं हात घालू नये, हे त्या हवालदार बाईंनी शिकवलं. आणि डिस्कपेक्षा माणसांना ते जास्त लागू पडतं. दुसरी गोष्ट आजीबाईंची. मानपानाच्या भीतीनं आपण ज्यांना विचारत नाही, उत्तर नेमकं त्यांच्याकडेच असतं.

पण माझ्या मते केस संपली ती कागदावर नाही. आत्याबाईंना मी बजावलं होतं, "चोर म्हणालात ते भर बाजारात म्हणालात. आता काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा." ताडकळसच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी बंदोबस्ताला होतो. पार्लरची दोन्ही दारं सताड उघडी होती. समोरच्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून, आत्याबाई बसलेल्या. गळ्यात पुतळ्यांची माळ. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थबकून बघत होत्या, आणि आत्याबाई प्रत्येकीला नाव घेऊन हाक मारत होत्या, "ये गं, ये! लय चांगला हात हाय हिचा!"

पार्लरवाल्या बाईंनी केसांना तेल लावायच्या आधी ती माळ गळ्यातून काढली. आता हिरव्या लुगड्यातलं कुणीच शेजारी नव्हतं. बाई क्षणभर घोटाळल्या, माळ परत द्यायला हात पुढे केला.

"माझ्याकडं कामून देतीस?" आत्याबाई डोळे मिटत म्हणाल्या. "ठिव तुझ्याजवळच."