माहेरच्या मासोळ्या

माझ्या पीएचडीची वाट लावणारी बाई आज सकाळी गेली.

माझ्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणायचे.

ज्यांना माझा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाण्यात जड धातू, केमिकल्स मिसळले की माशाच्या लिव्हरमधला एक जीन कामाला लागतो. ते धातू बांधून ठेवणारं प्रोटीन भराभर बनायला लागतं.
मासा बाहेरून ठणठणीत. आत सगळी धावपळ.

आईंना हे समजावलं तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे तुह्या सासऱ्यावानी. खदानीत डबल ड्यूटी करत, अन् घरी आले का म्हनत, मले काई नाई झालं."

आमच्या नदीतले मासे मी तपासत होते; तुलनेसाठी मला स्वच्छ पाण्यातले मासे हवे होते. कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या आमच्या घुग्घुसला ते कुठून आणणार?

"माह्या माहेरी मामा तलाव हाय ना," आई म्हणाल्या. मूलकडच्या जंगलात त्यांचं गाव, आणि गावाला मालगुजारीच्या काळातला हा तलाव. "म्या आनतो तुह्यासाठी मासोळ्या."

आणि खरंच आणल्या. रोहूची बोटभर पिल्लं, कॅनमध्ये, एसटीत मांडीवर घेऊन.

मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती. नळाचं पाणी घालायचं नाही, त्यातल्या क्लोरीनने मासे मरतात.

त्या संध्याकाळी पोचल्या, रात्रभर कॅन घरीच राहिला. सकाळी तो घेऊन मी लॅबला गेले.

रिझल्ट आला. माहेरच्या स्वच्छ मासोळ्यांचा जीन नदीतल्या माशांसारखाच वर चढलेला. गाइड सर म्हणाले, "सगळं सॅम्पल फुकट गेलं गं."

घरी येऊन मी भांडी आपटली. आई तूर निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, त्या रात्री पानी म्या बदललं."

"काय?"

"त्या वर येऊन आ करून राह्यल्या होत्या. नळाचं नको म्हनलं होतं तू. मंग नदीवर गेली अन् बादलीभर आनलं. जीव घुसमटून राह्यला होता त्याईचा. मले पाहवलं नाई."

मी रडले. रागानेच रडले.

मग रडता रडता थांबले. म्हणजे फक्त एक रात्र? नदीच्या पाण्यात एक रात्र पुरते?

तोच पुढे माझा विषय झाला. पुन्हा तलावातल्या मासोळ्या आणल्या, यावेळी मुद्दाम रात्रभर नदीच्या पाण्यात ठेवल्या. पुन्हा तेच. सर खूश, मी तर हवेत.

आई मात्र खूश नव्हत्या. त्यांना पेपरबिपरशी काही देणंघेणं नव्हतं.

"अन् त्याईले परत माहेरी नेलं त बऱ्या होतीन का?"

त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. नदीच्या पाण्यातून काढलेल्या मासोळ्या आम्ही तलावात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवल्या. थोड्या थोड्या दिवसांनी काही काढून तपासत गेले.

जीन हळूहळू शांत झाला. पार पूर्वीच्या जागेवर आला.

फोनवर सांगितलं तर आईंनी अख्ख्या मोहल्ल्यात बातमी केली. "माहेरी गेल्या अन् बऱ्या झाल्या!" मी डिग्री घेतली तेव्हाही त्या इतक्या नाचल्या नव्हत्या.

यंदा आईंचीच छाती भरून यायला लागली. चार पावलांत धाप. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, की आता फार काही करता येणार नाही.

आईंनी मला जवळ बसवून घेतलं. "मले माहेरी ने. स्वच्छ पान्यात ठेव थोडे दिवस, मंग पाह्य तपासून."

आणलं त्यांना इथे. तलाव दिसेल अशी खाट टाकली. पहिले काही दिवस खरंच बरं वाटलं. उशीला टेकून भाकर खाल्ली, भावजयीची मस्करी केली.
मी वेडी, मनात आशा धरून बसले.

काल दुपारी म्हणाल्या, "पाह्य बरं पोरी, माह्यं उतरलं का?"

माझा हात त्यांच्या पाठीवर होता. श्वास कुठे कुठे अडकतोय ते हाताला कळत होतं.

"हाव आई. उतरलं."

"मशीन लावून पाह्यलं?"

"पाह्यलं."

डोळे मिटून हसल्या.

इतकी वर्षं मी न तपासता कोणालाच रिझल्ट सांगितला नाही. काल सांगितला. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा तोच सांगितला असता.

आई, मासोळ्या बऱ्या झाल्या होत्या हो. तुम्हीही व्हाल असं मला खरंच वाटलं होतं.

तुमच्या सुनेचा हा शेवटचा नमस्कार.

आता निवांत माहेरीच राहा. न्यायला कोणी येणार नाही.