फाटकाबाहेरचा डेल

डेलला मी पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं ते त्याचं लग्न जमवायला.

माझा हेतू वाईट नव्हता. डेल ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. चाळिशीच्या आसपासचा, उंच, टाय संध्याकाळपर्यंत सैल न करणारा, दर रविवारी चर्चमध्ये गाणारा, दारू-सिगरेटच्या वाटेला न जाणारा, आणि बिनलग्नाचा. असा माणूस दिसला की आपल्याकडच्या कुणाचेही हात शिवशिवतात. माझी बायको नलिनी इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या ज्या लायब्ररीत काम करायची तिथे नॅन्सी नावाची एक भली बाई होती. तीही चर्चला जाणारी, तीही एकटी. मी मनातल्या मनात पत्रिका जुळवून मोकळा झालो.

"अहो, राहू द्या ना," नलिनी म्हणाली. "तुम्हाला काय माहीत त्याचं?"

"जेवढं माहीत आहे तेवढं पुरे आहे," मी म्हणालो. मुलाकडचे आणि मुलीकडचे अशा दोन्ही बाजूंनी मी एकटाच उभा होतो, त्यामुळे विरोध करणारं कुणी नव्हतं.

शनिवारी नॅन्सी आली. मागोमाग डेल आला, आणि त्याच्याबरोबर टॉम. डेल टॉमच्या घरात राहतो एवढं मला ठाऊक होतं. भाडं वाचवायला राहत असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. मी डगमगलो नाही. टॉमला टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला बसवलं, डेलला नॅन्सीशेजारची खुर्ची दिली आणि श्रीखंड वाढता वाढता सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "आमचा डेल घर फार नीटनेटकं ठेवतो हं."

"घर मी नीटनेटकं ठेवतो," पलीकडच्या टोकावरून टॉम शांतपणे म्हणाला. "हा मोजे काढतो तिथेच विसरतो."

आमची मुलगी मुग्धा, तेव्हा हायस्कूलमध्ये होती, ताटात डोकं घालून म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा." नॅन्सी हसली. नलिनीने माझ्या हातातला डाव काढून घेतला. टेबलावरच्या सगळ्यांना सगळं कळलं होतं, यजमान सोडून.

निघताना डेल मला ड्राइव्हवेवर बाजूला घेऊन गेला. "श्री," तो म्हणाला. श्रीकांतचं त्याने पहिल्याच आठवड्यात एवढंच शिल्लक ठेवलं होतं. "टॉम आणि मी बरीच वर्षं एकत्र आहोत. जसे तू आणि नलिनी आहात, तसे."

काहीतरी समंजस बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं ते असं : "मग मी टॉमला श्रीखंड कमी वाढलं."

डेल इतका हसला की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. "माझ्या आईने माझ्यासाठी मुली बघणं केव्हाच सोडलं," तो डोळे पुसत म्हणाला. "कुणीतरी अजून आशा धरून आहे, बरं वाटलं."

त्या रात्रीनंतर आमची खरी ओळख झाली. हिवाळ्यात आम्ही एकाच गाडीतून ऑफिसला जायचो, एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. डेलचं काम आम्हा इंजिनियरांचं इंग्रजी सुधारायचं. माझ्या रिपोर्टवर त्याचा विशेष जीव. "श्री, तुझं वाक्य स्वयंपाकघरातून आत येतं आणि छपरातून बाहेर पडतं. मधे कुठे तरी बस ना!" बर्फात ट्रॅफिक अडकला की मी स्टिअरिंगवर हात आपटायचो, तो एखादं भजन गुणगुणत बसायचा. "घाई नाही," हे त्याचं पेटंट वाक्य. ते तो ट्रॅफिकला म्हणायचा, बॉसला म्हणायचा, आणि त्याच्या कॉलेजलाही म्हणायचा.

त्या कॉलेजचं असं होतं. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर एक जुन्या वळणाचं, कडक धार्मिक ख्रिश्चन कॉलेज होतं. तिथे नाच नाही, सिनेमा नाही, रोज सकाळी प्रार्थना. डेल तिथला विद्यार्थी, तिथल्या गायकवृंदातला पट्टीचा आवाज. शेवटच्या वर्षी त्याने विश्वासाने एका प्राध्यापकांना आपण गे असल्याचं सांगितलं, आणि आठवडाभरात कॉलेजने त्याला सामान बांधायला लावलं. दुसरा कुणी असता तर त्या रस्त्याने पुन्हा गेला नसता. निदान देवावर तरी राग काढला असता. डेलने या दोन्हींपैकी काहीच केलं नाही. दर ऑक्टोबरमध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी, तो आणि त्याच्यासारखेच तीन-चार चर्चला जाणारे गे मित्र सूट-टाय घालून कॉलेजच्या फाटकाबाहेर फुटपाथवर घडीच्या खुर्च्या मांडून बसायचे. घोषणा नाहीत, पत्रकं नाहीत. महिनाभर आधी तो कॉलेजला रीतसर फोन करून विचारायचा : विद्यार्थ्यांशी एक तास बोलायला एक खोली द्याल का? कॉलेज रीतसर नाही म्हणायचं. "घाई नाही," डेल म्हणायचा. "पुढच्या वर्षी विचारतो."

"पण तुला काय मिळणार रे त्यातून?" एकदा मी गाडीत विचारलं. "तुझी नोकरी आहे, घर आहे, टॉम आहे. त्यांनी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय."

त्याने गुणगुणणं थांबवलं. "मी तिथे होतो तेव्हा मला वाटायचं, अख्ख्या इलिनॉयमध्ये असा मी एकटाच. तळ्याकाठी जाऊन उभा राहायचो, आणि माझे विचार काही चांगले नसायचे. पुढे कळलं, माझ्या गाण्याच्या रांगेतच आम्ही तिघे होतो." मग म्हणाला, "आत्ताही तिथे कुणीतरी असेल, श्री. त्याने मला एकदा बघावं. टाय लावलेला, टक्कल पडत चाललेला, देवाला मानणारा, जिवंत. तेवढ्यासाठी एक तास हवाय."



फुटपाथवर बसायची तयारीही ही मंडळी करायची. टॉमच्या दिवाणखान्यात तालीम चाले. कुणीतरी कॉलेजची बाजू घेऊन कडाडून बोलायचं, बाकीच्यांनी आवाज न चढवता ऐकायचं. डेलचा नियम होता : "आधी त्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं. तो 'हो, असंच' म्हणाला, की मग आपलं." एकदा कॉलेजची बाजू घेणारा आजारी पडला, तर डेलने मला बोलावलं. "तुला नाही म्हणायचा सराव आहे. मुग्धा सांगते." मी इतका रंगात येऊन नकार दिले की टॉम म्हणाला, याला खरोखरच कॉलेजात नोकरी मिळेल. त्याच महिन्यात मुग्धाने इंजिनियरिंग करणार नाही, नाटक शिकणार, असं जाहीर केलं. मी नियमाप्रमाणे आधी तिचं म्हणणं मांडायला गेलो. ते इतकं चांगलं मांडलं गेलं की माझी बाजू सांगायला काही उरलंच नाही. ती आज नाटकच शिकवते आहे. हे उपकार कुणाच्या खात्यावर लिहायचे ते तिला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

त्या ऑक्टोबरात डेलची गाडी बंद पडली आणि टॉम, तो नर्स होता, हॉस्पिटलात ड्यूटीवर होता. मी म्हणालो, सोडतो तुला. नलिनी म्हणाली, मीही येते, आणि मोठा थर्मास भरून आल्याचा चहा आणि डबाभर चिवडा घेऊन बसली. कुठेही जायचं तर माणसांना उपाशी ठेवायचं नाही, मग ते आंदोलन का असेना.

फाटकाशी वारा बोचत होता. येणारेजाणारे मान फिरवून पुढे जात. एक पोरगा थांबला आणि बायबलमधलं एक वचन ताडकन म्हणून मोकळा झाला. "पाठ आहे मला," डेल प्रेमाने म्हणाला. "त्याच्या पुढची ओळही फार सुंदर आहे. म्हणू?" पोरगा गोंधळून चिवडा घेऊन गेला. मग कॉलेजचा रखवालदार आला. पत्रकं वाटायला मनाई आहे, म्हणाला. नलिनीने त्याच्यापुढे डबा धरला. त्याने बराच वेळ डब्यात मजकूर शोधला, शेवटी मूठभर घेतला आणि "तिखट आहे" एवढाच शेरा मारून गेला.

दुपार कलताना स्वतः डीन आले. उंच, पांढरे केस, अतिशय सभ्य. डेलशी हात मिळवला, यंदाही जमणार नाही म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं.

"आपण इंडियाचे? ख्रिश्चन?"

"नाही हो, हिंदू."

त्यांचा चेहरा उजळला. "आज संध्याकाळी आमच्याकडे परदेशी पाहुण्यांसाठी जेवण आहे. आपण दोघं आलात तर फार आनंद होईल!"

"नक्की," मी म्हणालो. "आम्ही तिघे येऊ." आपल्याकडे जेवणाचं बोलावणं आलं की शेजारी उभ्या असलेल्याला धरूनच पानं मोजतात, माझ्या तोंडून ते आपोआप गेलं. डीनसाहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. ते काही बोलायच्या आत डेलच म्हणाला, "तुम्ही दोघं जा, श्री." डीन गेल्यावर मी डेलला आग्रह करू लागलो. आत शिरायची संधी आयती आली होती! त्याने मान हलवली. "हे माझं घर आहे रे. माझ्या घरात मी पाहुण्याचा पाहुणा होऊन नाही जाणार." मग डोळे मिचकावून म्हणाला, "तू जा. तू अजून ख्रिश्चन करून घेण्यासारखा आहेस."

आम्ही गेलो. काय आदर! कोट काढून घ्यायला एक जण, खुर्ची ओढायला एक जण. नलिनी शाकाहारी म्हटल्यावर तिच्यापुढे सॅलडचा डोंगर आला. डीनसाहेब आमच्याच टेबलावर बसले. आमच्या देवांबद्दल त्यांनी मन लावून ऐकलं, मग म्हणाले, "आमच्या श्रद्धेबद्दल काहीही विचारा. अगदी मोकळेपणी."

मी म्हणणार होतो, इमारत फार छान आहे. नलिनीने काटा खाली ठेवला. "अवर फ्रेंड इज सिटिंग आउटसाइड," ती म्हणाली. "व्हाय?"

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने तो बाजूला सारला.

"इट इज कॉम्प्लिकेटेड," डीन हळूच म्हणाले.

"इट इज कोल्ड ऑल्सो," नलिनी म्हणाली.

आता मलाही गप्प बसवेना. "साहेब, मी तुमच्या धर्माचा नाही. उद्या होण्याची शक्यताही कमी आहे. मला तुम्ही मानाने आत घेतलंत. तो तर तुमचाच आहे."

डीनसाहेबांनी नॅपकिनची घडी घातली, उलगडली. "आपला असतो म्हणून तर जास्त लागतं," ते म्हणाले. खरं बोलत होते. मग उठले, कॉफीचे दोन कप भरून घेतले आणि कोट न घालताच बाहेर गेले. खिडकीतून आम्हाला दिसलं : डेल उठून उभा राहिला, त्याने आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः मित्राच्या खुर्चीवर टेकला. कोण काय बोललं ते ऐकू येत नव्हतं. आमचं गोड खाऊन होईपर्यंत ते दोघं तिथेच होते.

परतताना डेलला विचारलं. "त्यांचं मत बदललं नाही. माझंही नाही," तो म्हणाला. "पण मी त्यांचं म्हणणं मांडून दाखवलं, तर ते म्हणाले, हो, असंच. मग त्यांनी माझं मांडून दाखवलं."

वसंतात कॉलेजचा फोन आला. एक खोली, एक तास. भाषण नाही, ज्याला यायचं त्याने आपण होऊन यावं, डीन खोलीत बसतील. त्या दिवशी टॉमला पुन्हा ड्यूटी, आणि डेलचं लक्ष रस्त्यावर राहीना, म्हणून गाडी मीच चालवली; नलिनीही बरोबर होती. ज्याने मला "घाई नाही" शिकवलं तो सबंध रस्ताभर घड्याळ बघत होता. "कुणीच आलं नाही तर, श्री?"

"मग डीन आणि तू कॉफी प्या," मी म्हणालो.

तो आत गेला. मी आणि नलिनी फाटकाबाहेर गाडीत बसून राहिलो. एक तास झाला. दीड झाला. मी रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. शेवटी तो बाहेर येताना दिसला. गाडीत बसला आणि पट्टा लावला. मग म्हणाला, "सतरा-अठरा जण होते. बहुतेकांना माझं पटलं नाही. एकाने माझ्यासाठी प्रार्थना केली, मी सुधारावं म्हणून. मीही आमेन म्हटलं. एक मुलगा काहीच बोलला नाही. फक्त बघत होता." आणि त्याने टाय सैल केला.

पुढे तो आणि टॉम टॉमच्या आईजवळ राहायला सिअ‍ॅटलला गेले. माझी वाक्यं आता पुन्हा छपरातून बाहेर पडतात आणि सांगणारं कुणी नाही. पण त्याच्यामुळे मी रागावलेल्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसायला शिकलो. पन्नाशीकडे झुकल्यावर एवढं शिकवणारा भेटणं ही थोडी गोष्ट नव्हे.

कॉलेजातल्या त्या एका तासानंतर त्याला घरी सोडून परतताना मात्र मी जरा खट्टू होतो. इतकी वर्षं थांबून शेवटी ठरलं काय? नियम तसाच, मतं तशीच. मी हे नलिनीजवळ बोलून दाखवलं.

"ठरलं काय ते राहू द्या," ती म्हणाली. "त्याला निरोप द्यायला आतून चौघं जण फाटकापर्यंत चालत आले होते. ते पाहिलं नाहीत का तुम्ही?"