सुमनने वर केलेला हात

काल मोसंबी सोलताना सालीचा वास बोटांना लागला आणि जाफराबादच्या शाळेत मी ज्या पाचवीच्या वर्गाला शिकवायचे, त्या वर्गात जाऊन पोचले. मधल्या सुट्टीनंतर सगळा वर्ग असाच दरवळायचा. खिडकीतल्या तिरप्या उन्हात खडूची धूळ तरंगत राहायची.

त्या दिवशी एका गाजलेल्या खुनाच्या खटल्याचा निकाल होता. पोरं तेच बोलत होती. मी सहज विचारलं, "फाशीच व्हावी असं किती जणांना वाटतं?" सगळे हात वर गेले. नुकतीच मामाकडे राहायला आलेली सुमन इकडेतिकडे बघत होती. मग तिनेही हळूच हात वर केला.

शाळा सुटल्यावर ती टेबलापाशी आली. "बाई, असे हात मोजून ठरवतेत का?"

"नाही गं. जज ठरवतात. का?"

"ज्यांना फाशी द्यायची म्हनतेत, ते माझे बाबा हायेत. समद्यांनी केला म्हणून म्या केला."

मी तिला जवळ घेतलं. संध्याकाळी जन्मठेपेची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सुमनने विचारलं, "बाई, जेलात पत्र जातंय का?" मी तिला वहीचं कोरं पान दिलं, आणि मला फार हलकं वाटलं.

ज्याचा खून झाला त्याच्या घरीही एखादं लेकरू असेल, आणि त्याला पत्र पाठवायला पत्ताच नसेल, हे मात्र मला काल सुचलं.